दार उघडे राहिले

‘आपल्याकडून दार उघडं राहिलं वाटतं.’

गेल्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी सव्वासहा वाजता हे वाक्य आमच्या घरात उच्चारले गेले. वाक्य साधे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष. सांत्वनाच्या सुरात म्हटलेले. तरीही त्यानंतरचे चार दिवस आणि चार रात्री या एका वाक्याने आम्हाला जेवढे छळले, तेवढे गेल्या वीस वर्षांत वर्गात शिकवलेल्या कोणत्याही वाक्याने छळले नसेल. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. वाक्याचे पृथक्करण हा आमचा चरितार्थ. पण स्वतःच्या तोंडून निघालेल्या वाक्याचे पृथक्करण करण्याची वेळ फारशी येत नाही, आणि आलीच तर ती टाळण्याची कला अंगवळणी पडलेली असते.

दार होते तारेच्या पिंजऱ्याचे. पिंजऱ्यात राहणारा मोदक नावाचा हॅमस्टर त्या दारातून रात्री कधीतरी निघून गेला होता. आमची अकरा वर्षांची मुलगी पिंजऱ्यासमोर उकिडवी बसून लाकडाचा भुसा बोटांनी चाळत होती. तो भुशात खोल झोपला असेल अशी तिची शेवटची आशा होती. आम्ही मागे उभे होतो. अशा वेळी आईबाप काहीतरी बोलतात, तसे आम्ही बोललो.

मोदक घरात कसा आला ते आधी सांगायला हवे. त्याच वर्षी आषाढात आजोबा गेले. ते आमच्यापैकी एकाचे वडील. पण घरात मूल जन्माला आले की सगळ्यांच्याच नात्यांची नावे त्याच्या बाजूने बदलतात, तसे ते आम्हा दोघांचेही आजोबाच झाले होते, आणि आजी आजही आजीच आहेत. आजोबा शेवटचे सात-आठ महिने अंथरुणाला खिळून होते. ते गेल्यावर मुलीने कुत्रा मागितला. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत, दोघांच्याही कॉलेजच्या वेळा सांभाळून कुत्रा पाळणे शक्य नव्हते. मांजराचे नाव काढताच आजींनी हात जोडले. मग मासे, मग पोपट (तो पाळणे बेकायदा आहे, हे तिला सांगावे लागले) अशी घासाघीस होत होत अखेर गणपतीच्या आधल्या आठवड्यात पुठ्ठ्याच्या एका भोकाभोकांच्या खोक्यातून हा तळहाताएवढा सोनेरी जीव घरात आला. आमच्यापैकी एकाचा त्याला ठाम विरोध होता. घरातून एक माणूस नुकताच गेला असताना दोन-तीन वर्षेच जगणारा प्राणी मुलीच्या हाती द्यावा कशाला, असा तो युक्तिवाद होता.

आजींचा विरोध निराळा. ‘उंदीर विकत आणलात?’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या आजीने प्लेग पाहिला होता. पुण्यात १८९७ साली प्लेगने जो हाहाकार केला त्याची आठवण आपण चापेकर बंधूंच्या निमित्ताने ठेवतो. पण प्लेग त्या एका वर्षात संपला नाही, तो पुढे कित्येक वर्षे गावोगाव फिरत राहिला. घरात उंदीर पडू लागले की माणसे भांडीकुंडी उचलून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. ‘उंदीर पडला’ या दोन शब्दांत केवढी दहशत होती ते आजींनी लहानपणी ऐकले होते. त्यामुळे उंदराला सूर्यफुलाच्या बिया सोलून घालणारी नात त्यांना न उलगडणारे कोडे होती. ‘हा उंदीर नाही आजी, ह्याला शेपूट बघ केवढीशी आहे,’ असे मुलीने सांगितले तेव्हा ‘मग शेपूट तुटलेला उंदीर’ असे म्हणून त्यांनी विषय संपवला. नाव मात्र नकळत त्यांनीच दिले. गणपतीच्या दिवसांत त्याचे दोन्ही गाल दाण्यांनी फुगलेले पाहून त्या म्हणाल्या, ‘वाहनानंच मोदक पळवलेले दिसतात.’

तर तो मोदक गेला, आणि आम्ही म्हणालो, ‘आपल्याकडून दार उघडं राहिलं वाटतं.’

मराठीत ‘कप फोडला’ आणि ‘कप फुटला’ यांत जे अंतर आहे ते आम्ही दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना शिकवतो. पहिल्या वाक्यात कोणीतरी आहे, दुसऱ्यात फक्त कप आहे. या दोहोंच्या मध्ये ‘माझ्या हातून कप फुटला’ अशी तिसरी सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे. तिच्यात माणूस हजर असतो, पण कर्ता म्हणून नव्हे. त्याच्या हातातून ती घटना नुसती वाट काढून जाते. ‘दार उघडे ठेवले’ म्हटले की कोणी ठेवले हे सांगणे भाग पडते. ‘उघडे राहिले’ म्हटले की दारच काय ते राहते. यात खोटे काही नाही. लहान मुलाच्या हातून दूध सांडते तेव्हा ‘सांडलं का? असू दे’ असे म्हणणारी भाषा प्रेमळच असते. पण ज्या भाषेत असे मऊ अंथरूण तयार असते, तिथे कधी कोण येऊन लपेल ते सांगता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट ‘आपल्याकडून’ या शब्दाची. इंग्रजीला किंवा हिंदीला जी सोय नाही ती मराठीला आहे: ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तर ‘आम्ही’, त्याला सामावून घेऊन बोलायचे तर ‘आपण’. हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासाने मराठीत आला असे भाषेचे अभ्यासक मानतात. वर्गात हे सांगताना आम्ही नेहमी ‘आपण’ची थोरवी गातो. परक्याला घरात घेणारा शब्द, समोरच्याला पंक्तीत बसवणारा शब्द, असे काहीबाही. त्या गुरुवारी सकाळी मात्र ‘आपण’ने आमच्या मुलीला पंक्तीत बसवले ते दोषाच्या. पिंजऱ्याची कडी लावणे हे तिचे काम होते. ते विसरू नकोस असे आम्ही तिला किमान दहा वेळा बजावले होते. त्यामुळे ‘आपल्याकडून’ या शब्दात कोण बसते हे तिने क्षणात ओळखले. ती म्हणाली, ‘सॉरी.’ आम्हाला नव्हे, रिकाम्या पिंजऱ्याला.

आणि इथे सांगून टाकणे बरे. दार तिच्याकडून उघडे राहिलेले नव्हते, हे आमच्यापैकी एकाला ते वाक्य उच्चारले गेले त्याच क्षणी ठाऊक होते. दुसऱ्याला ते त्या दिवशी संध्याकाळी कळले. त्यानंतर आम्ही दोघेही गप्प राहिलो.

हकीकत अशी. शेवटच्या महिन्यांत आजोबांना रात्री एकच्या सुमारास जाग येई आणि पाणी लागे. आमच्यापैकी एकजण त्यासाठी उठत असे. आजोबा गेले, पण एकला येणारी जाग गेली नाही. उठून करायचे काही नाही, झोप तर येत नाही, अशा अवस्थेत अंधाऱ्या घरात आणखी एकच जीव जागा असे. हॅमस्टर निशाचर. दिवसभर भुशात गुरफटून झोपणारा मोदक रात्री आपल्या चाकावर धावत सुटे. पिंजऱ्यातले हॅमस्टर एका रात्रीत कित्येक किलोमीटर धावतात, आणि अर्थात कुठेच पोचत नाहीत. त्या आवाजाने सुरुवातीला चिडचिड झाली, मग सोबत वाटू लागली. पुढे दार उघडून त्याला हातावर एक बी द्यायची असा रिवाज पडला. ज्याने त्याच्या येण्याला विरोध केला होता त्याचाच हा रिवाज असल्यामुळे तो गुपित राहिला होता. त्या बुधवारी रात्री बी दिली गेली, आणि कडी लावली गेली नाही.

पाहा, हे लिहितानाही ‘लावली गेली नाही’ असेच लिहिले.

असो. पहिल्या दिवशी शोध घेतला तो भाबडेपणाने. दिवाणाखाली, फ्रिजच्या मागे, धुण्याच्या यंत्राखाली विजेरी घेऊन लोळण घेतली. मग थोडे वाचल्यावर लक्षात आले की आपण दिवसा शोधतो आहोत, आणि तो दिवसा झोपतो. या प्राण्याची नजर अधू. त्याचे जग वासाचे आणि मिशांना होणाऱ्या स्पर्शाचे. मोकळ्या जमिनीतून तो सहसा जात नाही, भिंतीच्या कडेकडेने जातो. हाकेला ओ देत येणे त्याच्या स्वभावात नाही. तो एकलकोंडा आहे. दोन प्रौढ सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर बहुधा रक्त सांडते. मिळेल ते गालांच्या पिशव्यांत कोंबून, पिशव्या पार खांद्यापर्यंत फुगवून, एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन साठवणे हा त्याचा धर्म. जर्मन भाषेत त्याच्या नावावरून साठेबाजी करणे या अर्थाचे क्रियापदच आहे. आपल्याकडे ‘मूषक’ या शब्दाच्या मुळाशी चोरण्याचा धातू आहे. माणसाने या कुळाला नावे ठेवली ती अशी. धान्य आपले, म्हणून चोर ते.

खरी धास्ती घराबाहेर होती. इमारतीत उंदरांचा उपद्रव वाढल्यामुळे त्याच आठवड्यात जिन्यात चिकट पुठ्ठे आणि डक्टमध्ये उंदीर मारायचे औषध ठेवले होते. मोदक दाराखालच्या फटीतून बाहेर पडला असेल तर या दोहोंपैकी एक त्याच्या वाट्याला ठेवलेलेच होते. आम्ही नहाणीच्या जाळीवर फरशी ठेवली, दाराच्या फटी टॉवेलांनी बुजवल्या आणि खाली सूचनाफलकावर लावायला मजकूर लिहायला घेतला. मराठीच्या दोन प्राध्यापकांनी चार ओळींसाठी पाऊण तास खर्च केला. ‘उंदीर हरवला आहे’ असे लिहिले तर लोक हसतील. ‘हॅमस्टर’ लिहिले तर आजींच्या वयाच्या मंडळींना कळणार नाही. शेवटी ‘सोनेरी रंगाचा, शेपूट जवळजवळ नसलेला पाळीव प्राणी (हॅमस्टर) घरातून गेला आहे. दिसल्यास मारू नये. कळवावे’ असे लिहिले. संध्याकाळपर्यंत कोणीतरी ‘गेला आहे’ खोडून ‘निघून गेला आहे’ अशी दुरुस्ती केली होती. ती योग्यच होती. चिटणिसांनी मात्र एक शब्द न बोलता आमच्या मजल्यावरचे पुठ्ठे काढून टाकले. ‘लहान मुलीचा आहे ना,’ एवढेच म्हणाले.

त्याच संध्याकाळी, मुलगी डबा न खाता परत आली आहे हे पाहिल्यावर, आमच्यापैकी एकाने दुसऱ्याला स्वयंपाकघरात खरे काय ते सांगितले. आता तिला सांगायलाच हवे, यावर आमचे एकमत झाले. मग आम्ही सांगितले नाही. आधी मोदक सापडू दे, मग सांगू. सापडला तर सांगायची गरजही उरणार नाही. आणि नाही सापडला तर निदान तिचा आपल्यावरचा विश्वास तरी शाबूत राहू दे. अशी एकाहून एक समंजस कारणे आम्हाला सापडत गेली. माणसाच्या गालालाही पिशव्या असतात म्हणायच्या.

शुक्रवारी रात्री तिला झोप येईना म्हणून आम्ही तिला हॅमस्टरांचा इतिहास वाचून दाखवला. तो मोठा विलक्षण आहे. घरोघरी पाळले जाणारे हे सोनेरी हॅमस्टर मूळचे सीरियातल्या अलेप्पो शहराच्या आसपासच्या शेतांतले. १८३९ साली लंडनमध्ये त्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले, पण पुढे जवळजवळ शतकभर जिवंत हॅमस्टराकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी तिकडे गेले. त्यांचे सहकारी सॉल अॅडलर यांना काला आजारासारख्या रोगांच्या संशोधनासाठी प्रयोगशाळेत वाढवता येईल असा प्राणी हवा होता. काला आजार हे नाव आपल्या देशातले. त्याच्या जंतूचा शोध लागला तोही १९०३ साली, आणि त्यातला एक संशोधक, डोनोव्हन, मद्रासेत काम करत होता. म्हणजे बंगाल-आसामातल्या तापाचा धागा फिरत फिरत अलेप्पोच्या गव्हाच्या शेतात पोचला. तिथे जमीन खोदून अहारोनींनी एक मादी आणि तिची पिल्ले बाहेर काढली. भेदरलेल्या आईने एक पिल्लू मारले. बाकीचीही मारील या भीतीने माणसांनी आईला मारले. उरलेली पिल्ले अहारोनी पतिपत्नींनी हाताने वाढवली. पुढे पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून त्यांतली काही पळाली. मागे जी दोन-चार भावंडे उरली त्यांच्यापासून वंश वाढला. १९३१ मध्ये ते इंग्लंडात गेले, तिथून जगभर. आज पाळले जाणारे बहुतेक सर्व सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातल्या एका आईचे वंशज आहेत.

ज्या अलेप्पोत मोदकाची मूळ आई होती त्या शहराची २०१२ ते २०१६ या काळातल्या युद्धात काय दशा झाली ते आपण पाहिले आहे. घर सोडून निघालेल्या माणसांचीही नोंद धड राहिली नाही, तिथे बिळांची कोण ठेवणार? हे आम्ही मुलीला सांगितले नाही. पण तिने जे विचारायचे तेच विचारले. ‘पळालेल्यांचं काय झालं?’ ती जिवंत हाती लागली नाहीत, हे उत्तर आम्हाला ठाऊक होते. आम्ही म्हणालो, ‘त्याबद्दल फारसं लिहिलेलं नाही.’ एका दिवसात दुसऱ्यांदा भाषा आमच्या मदतीला धावून आली.

ती झोपल्यावर आम्ही शोधाची नवी रीत ठरवली. प्रत्येक खोलीत मोजून दहा बिया ठेवायच्या, दारे बंद करायची, आणि सकाळी मोजायच्या. शिवाय भिंतींच्या कडेने पीठ पसरायचे, म्हणजे पावले उमटतील. आम्ही तांदळाची पिठी आजींकडे मागितली. डबा त्यांच्या हातात होता, पण झाकण उघडेना. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘ह्यांच्या वेळी पसरलं होतं.’

आमच्या ध्यानात आले. आजोबा गेले त्या जागी दहा दिवस दिवा ठेवला होता, दिव्याखाली पिठी पसरली होती, आणि ती सकाळी नीट पाहिली जाई. गेलेला जीव कोणत्या रूपाने गेला त्याची खूण पिठात उमटते अशी समजूत आहे. आम्ही शिकलेली माणसे. तेव्हा या प्रकाराकडे आम्ही आदराने, पण लोकसाहित्याच्या तासाला पाहावे तसे लांबून पाहिले होते. आजी मात्र रोज वाकून पाहत. त्या पिठात काही उमटले होते का, हे त्यांनी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते.

पिठी शेवटी त्यांनीच पसरली. रांगोळी घालण्याच्या सराईत चिमटीने, भिंतीच्या कडेकडेने, न सांडता. उभे राहता राहता आमच्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, ‘रात्री पिंजऱ्याच्या कडीचा आवाज मला रोज येतो. दोनदा. उघडल्याचा आणि लावल्याचा. परवा एकदाच आला.’

आम्ही काहीच बोललो नाही.

‘पोरीला सांगून टाका,’ त्या म्हणाल्या. ‘ती कडी लावूनच झोपली होती. तोही आवाज मी ऐकलाय.’

शनिवारी सकाळी बाहेरच्या खोलीतल्या दहा बियांपैकी सात नाहीशा झाल्या होत्या. पिठीत पावले होती. नखाच्या टोकाएवढी, चार बोटांची, पाच बोटांची, दाटीवाटीची. पुस्तकांच्या कपाटाच्या तळाशी जाऊन संपलेली. मुलगी त्यांच्याकडे बघत किती वेळ बसून राहिली. आजीही काठी टेकत आल्या, वाकल्या, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. ‘जिवंत आहे,’ त्या म्हणाल्या. पिठातली खूण वाचून एवढे निश्चित विधान त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केले असावे.

कपाट हलवणे धोक्याचे होते. मागे दबला असता तर? म्हणून त्या रात्री सापळा लावला, तोही सर्वांना ठाऊक असलेला साधाच. एक खोल बादली, तळाशी टॉवेल आणि भुसा, वर बिया आणि काकडीची फोड. बादलीच्या काठापर्यंत चढायला पायऱ्या हव्या होत्या. त्या पुस्तकांच्या केल्या. जाड, न घसरणारी आणि चढत्या उंचीची पुस्तके म्हणून दाते-कर्वे यांच्या शब्दकोशाचे खंड कामी आले. इतक्या वर्षांत आमच्या घरात त्या कोशाच्या इतक्या पायऱ्या कोणी चढले नव्हते. दिवे घालवून आम्ही तिघे भिंतीला टेकून बसलो. आजी आतल्या खोलीत जाग्या होत्याच.

अंधारात माणसे खरे बोलतात. अकराच्या सुमारास मुलगी हळू आवाजात म्हणाली, ‘मला ना, कडी लावल्याचं आठवतंय. अगदी हाताला आठवतंय. पण तुम्ही म्हणालात ना, म्हणजे राहिलीच असणार.’

आम्हाला वाटत होते की आम्ही तिच्यावर थोडासा दोष लादला आहे. तसे नव्हते. आम्ही तिची आठवण तिच्या हातून काढून घेतली होती. स्वतःच्या हाताची साक्ष खोटी ठरवायला ती तयार झाली होती, कारण दुसरी साक्ष आईबापांची होती. आम्ही वर्गात मुलांना सांगत असतो की संहितेवर विश्वास ठेवा, समीक्षकाच्या अधिकारवाणीने दबून जाऊ नका, जे वाचले तेच वाचले म्हणा. आणि घरात एका मुलीने आपले बरोबर वाचलेले वाक्य आमच्या अधिकाराखातर खोडून टाकले होते.

‘तुझी राहिली नाही,’ आम्ही म्हणालो. ‘तू लावली होतीस. नंतर आम्ही उघडली आणि आम्ही लावली नाही.’

ती बराच वेळ गप्प होती. कपाटामागे काही खसखसले असे वाटले, पण ते रस्त्यावरचे पान असावे.

‘आम्ही म्हणजे कोण?’ तिने विचारले. ‘दोघांनी मिळून एक कडी कशी काय उघडी ठेवता येईल?’

हा प्रश्न मोरो केशव दामल्यांनाही पडला नसेल. ‘आम्ही’ हा शब्द आम्ही लेखांत वापरतो, निमंत्रणपत्रिकांत वापरतो, विद्यार्थ्यांना समज देताना वापरतो. संसार या शब्दावरच चाललेला असतो. पण त्याच्या आडोशाला एक माणूस आरामात उभा राहू शकतो हे तिने अंधारात बसून पाहिले. तिला उत्तर हवे होते, आणि ते एकवचनात हवे होते. ते आम्ही तिला दिले. एकजण बोलला, आणि रात्री एकला कोण उठते, का उठते, पाण्याचा तांब्या, चाकाचा आवाज, हातावरची बी, सगळे सांगून झाले. दुसरा ऐकत होता. मग दुसऱ्यालाही आपले एकवचन सांगावे लागले: मला गुरुवारी संध्याकाळी कळलं होतं आणि मी बोललो नाही.

ती रडली. मोदक गेल्यापासून पहिल्यांदाच. रागाने रडली, आणि राग आला याचे आम्हाला बरे वाटले, कारण गेले तीन दिवस तिने तो स्वतःवर काढला होता. थोड्या वेळाने म्हणाली, ‘मला उठवायचंस ना. मी पण आले असते बी द्यायला.’ आणि मग बऱ्याच वेळाने, अगदी झोपाळलेल्या आवाजात, ‘आजोबांना पाणी द्यायला मीच उठणार होते एकदा. पण मला जागच आली नाही.’ या वाक्याला उत्तर देण्याइतकी मराठी आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती.

दोन वाजून गेल्यावर आतून आजींचा आवाज आला, ‘चढतोय.’ आम्हाला काहीच ऐकू आले नव्हते. श्वास रोखून बसलो. नखे पुठ्ठ्यावर घासल्याचा बारीक आवाज, मग एक खंड, मग पुढचा, मग बराच वेळ काही नाही, आणि मग भुशावर काहीतरी मऊ पडल्याचा आवाज. दिवा लावला तेव्हा मोदक बादलीच्या तळाशी बसून, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, एकेक बी गालात भरत होता. चार दिवसांत तो जरासा मळला होता, एवढेच. मुलीने त्याला दोन्ही ओंजळींत उचलले, पिंजऱ्यात ठेवले, आणि कडी लावली. मग ती पुन्हा ओढून पाहिली. मग आम्हाला ओढून पाहायला सांगितली.

रविवारी कपाट पुढे ओढले. मागच्या कोपऱ्यात त्याचे भांडार होते: सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, तूरडाळ, आजींच्या गोधडीतून ओढलेला कापूस, एका पेनाचे टोपण. नियतकालिकांच्या जुन्या अंकांच्या कडा कुरतडून त्याने बिछाना केला होता. मुलीने डाळीचे दाणे मोजले. ते शंभराच्या वर भरले. चार दिवसांच्या स्वातंत्र्यात त्याने पुढच्या दोन महिन्यांची तरतूद केली होती. आजी दारात उभ्या राहून पाहत होत्या. ‘घर केलंन् हो त्यानं,’ म्हणाल्या. ‘उंदीर’ म्हणाल्या नाहीत.

हे सारे लिहावे की नाही यावर आम्ही दोघांनी पुष्कळ खल केला. प्राणी हरवला, सापडला. यात लिहिण्यासारखे काय? आणि लिहिले तर ‘आम्ही’ म्हणून लिहावे की कडी उघडी ठेवणाऱ्याने ‘मी’ म्हणून? शेवटी ठरले ते असे. कडी एकाने उघडी ठेवली. तो कोण हे ज्याला कळायला हवे तिला कळले आहे. पण त्यानंतरचे मौन दोघांचे होते, आणि त्या मौनाला ‘आम्ही’ हेच खरे सर्वनाम आहे. म्हणून लेखात ते तसेच ठेवले आहे.

मोदक आता दीड वर्षाच्या आसपासचा असेल. पुढचे गणित आम्हाला येते, आणि मुलीलाही येते. तिने ते आम्हाला विचारून घेतले, आणि या खेपेला आम्ही आकडा सांगितला. रात्री झोपण्यापूर्वी ती कडी लावते आणि मोठ्याने म्हणते, ‘मी कडी लावली.’ रात्री एकला ज्याला जाग येते तोही आता परतताना दाराशी थांबून हळूच म्हणतो, ‘मी कडी लावली.’ आतल्या खोलीतून आजी ‘हं’ म्हणतात.